ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना पैशाचं कसं विचारायचं: पहिल्यांदाच हॉस्पिटल बघणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात बाबा आंब्याच्या कलमावरून पडले. फार उंचावरून नाही, शिडीच्या चौथ्या पायरीवरून, पण पडताना हात खाली आला आणि मनगटाच्या वर हाड मोडलं. तालुक्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलला नेलं, डॉक्टर म्हणाले प्लेट घालावी लागेल, मी विचारलं "ऑपरेशनचा खर्च किती?" ते म्हणाले "पंचावन्नपर्यंत". डिस्चार्जच्या दिवशी हातात बिल आलं ९४ हजारांचं.

मी काउंटरवर भांडलो, आवाज चढवला, बाबा बिचारे गळ्यात हात बांधून बाकावर बसलेले. मग डॉक्टरांनी आत बोलावलं आणि शांतपणे एकेक ओळ दाखवली. भूलतज्ज्ञ बाहेरून आले त्यांचे ८ हजार, प्लेट आणि स्क्रू १७ हजार, मेडिकलचं बिल ९ हजार, ऑपरेशन चालू असताना जे एक्स-रे मशीन लावतात त्या सी-आर्मचे ५ हजार. आणि ते म्हणाले, तुम्ही ऑपरेशनचा खर्च विचारला होतात, तो मी बरोबरच सांगितला होता. खरंच बरोबर होतं ते. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर मला मिळालं, जे विचारलंच नाही ते बिलात आलं. वाशीच्या दलालाकडून आंब्याचे यायचे पैसे आगाऊ मागून घेतले आणि बाबांना घरी आणलं.

पुढच्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा बिल सांगितलेल्या आकड्याच्या आतच राहिलं. फरक एवढाच की या वेळी मी आधी विचारलं, तुकड्या तुकड्यात विचारलं, आणि लिहून घेतलं. आपल्याकडे डॉक्टरसमोर पैशाचा विषय काढायला लोक फार लाजतात, त्यातून म्हातारी माणसं तर जास्तच, "ते बघतील काय ते" म्हणून गप्प बसतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय, जे पहिल्यांदाच आईबाबांचं हॉस्पिटल बघतायत त्यांच्यासाठी, आणि मुंबईतून रिटायर होऊन गावी राहायला आलेल्यांसाठी पण, कारण तिकडची सवय आणि इकडची व्यवस्था यात फरक पडतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी. जीवावरचा प्रसंग असेल, म्हणजे साप चावला, छातीत कळ आली, अर्धांगवायू झाला, अपघातात रक्त जातंय, तर खालचं काहीही न वाचता १०८ ला फोन करा. ती अॅम्ब्युलन्स फुकट आहे, रात्री पण येते. इमर्जन्सीत आधी जीव वाचवायचे उपचार देणं हे सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. सापाच्या बाबतीत तर सरळ सरकारी दवाखान्यातच न्या, विषावरचं इंजेक्शन तिथे मोफत मिळतं, आणि ते एका बाटलीत भागत नाही, आठ-दहा व्हायलपासून सुरुवात होते, तीच खासगीत विकत घ्यायची झाली तर हिशोब कुठल्या कुठे जातो. मांत्रिकाकडे तर एक मिनिटही घालवू नका.

पायरी १: घरात एक फाईल तयार ठेवा

हे काम आजच करा, कोणी आजारी नसताना. प्लास्टिकची साधी फाईल, त्यात रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स, आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते, इन्शुरन्स असेल तर त्याचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी. कुठल्या औषधाची अॅलर्जी असेल तर ते मोठ्या अक्षरात.

जुने रिपोर्ट का, तर नवीन डॉक्टरकडे गेल्यावर ते काहीच समोर नसेल तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून लिहितात, आणि त्यांचा त्यात दोष नाही, त्यांना दिसतच नाही तर ते काय करणार. आईची सोनोग्राफी वीस दिवसांपूर्वीच झालेली होती, ती मी दाखवली आणि विचारलं "डॉक्टर, ही चालेल की परत करायची?" ते बघून म्हणाले चालेल. एका वाक्यात हजार-बाराशे वाचले. एक्स-रेची फिल्म, सीटीची सीडी पण फेकू नका, आमच्याकडे पावसात भिंतीला ओल येते आणि फिल्म चिकटतात, म्हणून डब्यात घालून ठेवा.

पायरी २: ओपीडीत, डॉक्टर लिहीत असताना

बिल काउंटरवर तयार होतं असं आपल्याला वाटतं, पण त्याची प्रत्येक ओळ त्याआधी डॉक्टरांच्या कागदावर आलेली असते. तपासणी, गोळी, सलाईन, अॅडमिट, सगळं. त्यामुळे विचारायची वेळ ती, पेन चालू असताना. बाहेर येऊन रिसेप्शनच्या मुलीला विचारून काही उपयोग नाही, तिच्या हातात काही नसतं.

तपासण्या लिहिल्या की मी आता हे विचारतो: यातल्या आजच करायला हव्यात अशा कुठल्या आणि चार दिवस थांबलं तर चालेल अशा कुठल्या? रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार आहे का, की रिपोर्टवरून बदलणार? आणि सरकारी दवाखान्यात केली तर चालेल का? हा तिसरा प्रश्न बऱ्याच जणांना विचारायला अवघड वाटतो, डॉक्टरांना राग येईल म्हणून. तपासणी कुठे करायची आणि औषध कुठून घ्यायचं हे ठरवायचा हक्क पेशंटचा आहे, रुग्णहक्कांच्या सनदेत तसं लिहिलंय. आवाज नीट ठेवून विचारलं तर बहुतेक डॉक्टर सांगतात, "या दोन तिकडे करा, ही एक मात्र इथेच करा, मला मशीन चांगलं हवं." असं उत्तर आलं तर ते ऐका पण, त्यामागे कारण असतं.

सरकारी म्हणजे काय ते पण सांगतो, कारण अजून खूप लोकांना माहीत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे काय लागतं ते केसपेपर काढतानाच विचारून घ्या. लावणीच्या दिवसांत ताप आला, अंग मोडून दुखायला लागलं, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "मी चिखलात काम करतोय" हे आपणहून सांगा, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीमुळे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचा संशय डॉक्टरांना लगेच येतो आणि औषध वेळेत सुरू होतं. हेच न सांगता चार दिवस मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या की मग आयसीयू. आमच्या वाडीत एका घरात असंच झालं, माणूस वाचला पण गाय विकावी लागली.

आता औषधं. आपल्या लोकांची वाईट सवय म्हणजे महिन्याच्या गोळ्या महाग वाटल्या की डॉक्टरांना काही न सांगता अर्ध्या घेतात, किंवा बंदच करतात. बीपीच्या गोळ्या अशा बंद करून पॅरालिसिस झालेली माणसं प्रत्येक गावात आहेत, आणि मग जो खर्च येतो तो गोळ्यांच्या दहा वर्षांच्या खर्चापेक्षा जास्त. कृपा करून असं करू नका. सरळ सांगा, "डॉक्टर, महिन्याला तीनशेपर्यंतच जमेल, त्यात बसेल असं लिहून द्या." बाबांच्या डॉक्टरांना मी हेच सांगितलं, त्यांनी कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून दिलं आणि जनऔषधी केंद्रातून घ्या म्हणाले. आधी महिन्याला साडेसहाशे जात होते, आता दोनशेच्या आत. गोळी आणल्यावर एकदा परत नेऊन दाखवली, हीच ना, म्हणून, बरोबर आहे म्हणाले.

आणि फीचं. पहिली फी किती दिवस चालते, रिपोर्ट दाखवायला आलो तर परत फी आहे का, फोनवर सांगितलं तर चालेल का. देवगडातल्या आतल्या गावातून कणकवलीला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, रिक्षा, एसटी, जेवण, सोबत आलेल्याचा रोज बुडतो, हा पण वैद्यकीय खर्चच आहे. डॉक्टरांना सांगितलं की आम्ही लांबून येतो, तर बरेच जण रिपोर्ट फोनवर मागवून घेतात.

पायरी ३: "अॅडमिट करावं लागेल" म्हटल्यावर

इथेच सगळ्यात जास्त थांबायचं. हे शब्द ऐकले की आपलं डोकं बधिर होतं आणि आपण मान हलवतो. पहिला प्रश्न: किती वेळ आहे? आजच, की आठवड्यात, की महिन्याभरात? आईच्या वेळी डॉक्टर म्हणाले, घाई नाही, महिन्याभरात करून घ्या, पण परत कळ आली, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसायला लागले तर एक दिवसही थांबू नका. बस, एवढं कळल्यावर आम्हाला चौकशी करायला, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला आणि भावाशी बोलायला वेळ मिळाला. दुसरं मत घ्यायचंय असं सांगितलं तर अपमान होत नाही कोणाचा, रिपोर्ट मागा, देतात.

दुसरा प्रश्न खर्चाचा, आणि तो मी बाबांच्या वेळी विचारला तसा विचारायचा नाही. असा विचारायचा: "सगळं धरून, पेशंट घरी जाईपर्यंत, आमच्या हातून किती पैसे जातील? आणि काही कमी-जास्त झालं तर जास्तीत जास्त कितीपर्यंत?" मग वही काढायची आणि एकेक विचारत लिहायचं. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज, भूलतज्ज्ञ. आपल्या तालुक्याच्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ आणि कधी कधी सर्जन पण बाहेरून बोलावलेले असतात, त्यांची फी वेगळी, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं तर त्या व्हिजिटची वेगळी, म्हणून किती वेळा येणार ते पण विचारा. रूमचं भाडं, नर्सिंग, डॉक्टरांचा राऊंड दिवसाला किती. औषधं आणि सलाईन अंदाजे किती. प्लेट, स्क्रू, जाळी, लेन्स असं शरीरात काही बसवणार असतील तर कुठल्या कंपनीचं, साधं आणि महाग यात माझ्या पेशंटला नक्की काय फरक पडणार, आणि त्याचं स्टिकर फाईलला लावून मिळेल का. हृदयाचा स्टेंट आणि गुडघ्याचं इम्प्लांट यांना २०१७ पासून सरकारने कमाल किंमत ठरवून दिलीय, कर सोडून त्यावर एक रुपया घेता येत नाही. रक्त लागलं तर पिशवीचे किती. गाठ वगैरे काढली तर ती तपासायला पाठवतात त्या बायोप्सीचे किती, हे तर कोणीच विचारत नाही आणि पंधरा दिवसांनी वेगळं बिल येतं.

"पॅकेज आहे" असं सांगितलं तर खूश होऊन उठू नका. पॅकेजमध्ये किती दिवस धरलेत, औषधं आत आहेत की बाहेर, एक दिवस जास्त राहावं लागलं तर काय, दुर्बिणीतून चालू केलेलं ऑपरेशन पोट उघडून करावं लागलं तर काय. हा शेवटचा प्रश्न मी आईच्या सर्जनना विचारला तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "बरं केलंत विचारलंत, लोक हे झाल्यावर विचारतात." मग त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर दोन्ही आकडे लिहून दिले, खाली सही. असा कागद मागायचाच. मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करायचा झाला तरी खर्चाचं अंदाजपत्रक लागतंच, आणि तो अर्ज उपचार चालू असतानाच करायचा असतो, घरी आल्यावर नाही.

दरपत्रकाची पण एक गोष्ट. २०२१ मध्ये महाराष्ट्रात नर्सिंग होमचे नियम बदलले, तेव्हापासून खासगी हॉस्पिटलने मुख्य सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आत शिरलात की भिंती बघा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर बिल जुळवायला उपयोगी पडतो.

पायरी ४: योजना की इन्शुरन्स, हे अॅडमिट व्हायच्या आधी

महात्मा फुले जन आरोग्य योजना. आधी ठराविक रेशनकार्डांनाच होती, २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना, पांढरं रेशनकार्ड असलं तरी, आणि आयुष्मान भारतशी जोडून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण यात फसायला होतं ते असं, की हॉस्पिटलच्या दारावर योजनेचा बोर्ड असतो म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि नंतर कळतं की ते हॉस्पिटल हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत आहे, पोटाच्या नाही, किंवा आपलं ऑपरेशन यादीतच नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचं, "माझ्या पेशंटचं हेच ऑपरेशन, याच हॉस्पिटलात, योजनेत बसतं का?" आणि मग तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या माणसाच्या टेबलावर जाऊन तेच परत विचारायचं. दोघांचं उत्तर एक आलं तरच पुढे. १५५३८८ हा योजनेचा नंबर, तिथेही आजार सांगून जवळचं हॉस्पिटल विचारता येतं. योजनेत अॅडमिट असलेल्या पेशंटकडून त्याच उपचाराचे वर पैसे मागितले तर आधी आरोग्यमित्र आणि मग हा नंबर.

बाबांच्या वेळी हा प्रश्न मी विचारलाच नाही. दीड तासावर योजनेतलं हॉस्पिटल होतं, हात मोडलेला माणूस दीड तास नेता आला असता, प्लास्टरचा आधार देऊन. हे मला आजही लागतं.

सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, आईबाबांचं आधी काढून ठेवा.

इन्शुरन्स असेल तर डॉक्टरांशी बोलायच्या तीन गोष्टी आहेत, आणि या मला भावाकडून कळल्या, त्याने नोकरी बदलल्यावर नव्या कंपनीच्या पॉलिसीत आईबाबा दोघांना घेतलं तेव्हा.

एक, कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनी परस्पर हॉस्पिटलला देते त्या फॉर्मवर डॉक्टर आजाराचा इतिहास लिहितात, किती दिवसांपासून त्रास आहे ते. आपली म्हातारी माणसं काय सांगतात, "गो, वर्षानुवर्षं पोटात दुखता माका." डॉक्टर लिहितात, पाच वर्षांपासून. मग कंपनी म्हणते हा जुना आजार, लपवलात, आणि क्लेम अडकतो. आईला खरं तर आधी अॅसिडिटीचा त्रास होता, खड्यांची कळ आली ती दीड महिन्यापूर्वी पहिल्यांदा. म्हणून पेशंटसोबत एकाने आत जायचं आणि तारखेसकट नीट खरं सांगायचं, आणि फॉर्म जायच्या आधी एकदा वाचायला मागायचा. खोटं लिहा असं मात्र डॉक्टरांना कधीच सांगू नका, जुने केसपेपर निघाले की क्लेमही जातो आणि पॉलिसीही.

दोन, रूम. पॉलिसीत दिवसाला ३ हजारांची रूम मान्य असेल आणि तुम्ही ५ हजारांची घेतली, तर फक्त वरचे दोन हजार भरायचे असं वाटतं. तसं नसतं. बऱ्याच पॉलिसीत डॉक्टरांची फी, थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. ही फी मिळून ८० हजार झाली तर कंपनी ४८ हजार देते, ३२ हजार तुमचे, शिवाय रूमचे वेगळे. म्हणून "आईला जरा चांगल्या रूममध्ये ठेवूया" असं चाकरमानी भावाने फोनवर म्हटलं तरी आधी पॉलिसी बघा, मग रूम.

तीन, ग्लोव्हज, मास्क असं बरंच सामान कंपन्या देत नाहीत, ते किती होईल ते टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणाऱ्यांच्या टेबलावर आधी विचारा. आणि २०२४ पासून नियम असा आहे की कॅशलेसची परवानगी कंपनीने एका तासात द्यायची आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत, त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे.

पायरी ५: वॉर्डात

घरातला एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल असं ठरवा. सकाळी आत्या विचारते, दुपारी काका, संध्याकाळी मुंबईहून फोन, प्रत्येकाला वेगळं कळतं आणि डॉक्टर पण वैतागतात. बाकीच्यांना त्या एकाने सांगायचं.

रोज राऊंडच्या वेळी दोन प्रश्न: आज नवीन काय चालू केलं आणि का, आणि घरी कधी. रोज संध्याकाळी काउंटरवर आजपर्यंतचं बिल मागा. हे मागितलं की देतात, आणि काही चुकलं असेल तर त्याच दिवशी आठवतं, पाचव्या दिवशी कोणालाच आठवत नाही. आईच्या बिलात एकदा अशीच दोनदा लागलेली रक्ततपासणी निघाली, सिस्टरने बघितलं आणि लगेच काढली. मेडिकलमधून आणलेली औषधं वापरली गेली की नाही ते बघत राहा, उरलेली बिलासकट परत होतात, फक्त पट्टी कापलेली नको.

शेजारच्या खाटेवर मालवणची एक आजी होती, मी वहीत लिहिताना बघून तिच्या मुलाला म्हणाली, "बघ तो कसो लिवन ठेवता, तू पण इचार, इचारूक लाज कसली." दुसऱ्या दिवशी तो पण वही घेऊन बसला, मला फार बरं वाटलं.

संमतीपत्रावर सही करायच्या आधी वाचा, इंग्लिशमध्ये असेल तर मराठीत समजावून मागा. आयसीयूत हलवायचं म्हणाले तर विचारा, कशासाठी, साधारण किती दिवस, दिवसाला किती. पण तब्येत खालावत असेल तर त्यांना आधी काम करू द्या, हे पाच मिनिटांनी विचारलं तरी चालतं.

पायरी ६: "पुढे न्या" म्हणाले तर

आपल्याकडे हे फार होतं, कोल्हापूरला न्या, गोव्याला न्या, डेरवणला न्या, मुंबईला न्या. घाट, पाऊस, रात्र, आणि त्यात खासगी अॅम्ब्युलन्सवाला सांगेल तो आकडा. आधी पाठवणाऱ्या डॉक्टरांशी बोला: नेमकं कुठे न्यायचं, तिथे हे उपचार आणि बेड आहे का, तुम्ही तिकडच्या डॉक्टरांना फोन कराल का, आणि पेशंट प्रवासाला स्थिर आहे का. तो फोन झाला नाही तर लोक गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पोचतात आणि तिथून परत दुसरीकडे, दोन अॅम्ब्युलन्सचं भाडं. गोव्याबाहेरच्या पेशंटला तिकडे काय फी लागते ते पण त्याच फोनवर विचारायला सांगा. १०८ ने नेता येईल का हे आधी बघा, खासगीच घ्यावी लागली तर ऑक्सिजन, सोबतचा माणूस, टोल, परतीचं भाडं धरून एकच आकडा ठरवा आणि मगच पेशंट चढवा. पत्र, रिपोर्ट, दिलेल्या औषधांची यादी सोबत हवीच, नाहीतर तिकडे सगळ्या तपासण्या परत.

मुंबईला ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात जायची वेळ आली तर धर्मादाय बेडचं विचारा. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्यात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्यात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं, गावातून निघतानाच घेऊन निघा, नाहीतर कोणाला तरी रात्रीच्या गाडीने परत यावं लागतं. आणि हे तिकडच्या समाजसेवकाला पहिल्या दिवशी सांगा, बिल झाल्यावर सांगून फार कमी वेळा काही होतं.

पायरी ७: डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

आदल्या दिवशीच, त्या दिवशी नाही. आतापर्यंतचं बिल तपशीलवार मागा आणि वहीशी, दरपत्रकाच्या फोटोशी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाशी जुळवा. किती दिवसांचं भाडं लावलंय, अॅडमिट झाल्याची आणि सुटायची वेळ काय धरलीय ते बघा. न आलेल्या डॉक्टरची व्हिजिट, परत केलेली औषधं, हे दोन हमखास राहतात.

काही चुकतंय असं वाटलं तर काउंटरवर बोलू नका, माझ्यासारखं तर मुळीच नको, डॉक्टरांची वेळ मागा आणि कागद समोर ठेवून विचारा. पैसे खरंच कमी पडत असतील तर तसं सांगा, हप्ता करता येईल का, काही कमी होईल का. गावातले डॉक्टर आपल्याला ओळखतात, आपण त्यांना, मी स्वतः बघितलंय की आधी येऊन बोललेल्या माणसाचं ते ऐकतात. आणि कितीही वाद असला तरी बिलासाठी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हे लक्षात असू द्या. तसं झालंच तर हॉस्पिटलचा तक्रार कक्ष, आणि मग जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी.

निघताना डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, बिलाच्या मूळ पावत्या घ्या. केसची पूर्ण कागदपत्रं लेखी मागितली तर ७२ तासांत द्यायची असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

आणि शेवटचा प्रश्न घरी गेल्यावरच्या खर्चाचा. ड्रेसिंग किती वेळा, दर वेळी किती, फिजिओथेरपी लागेल का, परत कधी यायचं आणि त्या वेळी फी आहे का, ही औषधं किती दिवस. आईच्या वेळी मी विचारलं की टाके काढायला चाळीस किलोमीटर परत यायलाच हवं का, आमच्याकडे गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. डॉक्टर म्हणाले, काही गरज नाही, आणि कार्डाच्या मागे दोन ओळी लिहून दिल्या. आठव्या दिवशी आईला स्कूटरवर मागे बसवून केंद्रात नेलं, सिस्टरने ती चिठ्ठी वाचली, टाके काढले, दहा मिनिटांत आम्ही घरी.